‘चवथ झाली की पासिंग करतो’

पत्र डिचोलीहून आलंय, जरा आखडतं घेऊन इथे देते.

‘ताई, घरची पिकअप आहे, मार्च २०१७ ची. बेळगावहून भाजी आणतो, आठवड्याला चार खेपा, चोर्ला घाटातून. परवा कागद बघताना कळलं की पासिंग (आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट) मार्चअखेरीसच संपलंय. मला वाटलं दोन वर्षांचं असतं. इन्शुरन्स मात्र चालू आहे, जूनमध्येच भरला. गॅरेजवाला म्हणतो गाडी टकाटक आहे, चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) धकव, पकडलं तर तालांव (दंडाचं चलन) भरायचा आणि सुटायचं, आणि भाजीपाला जीवनावश्यक म्हणून त्याला तसंही माफ असतं. चवथ पंधरा दिवसांवर आली, माटोळीच्या (गणपतीच्या वर फळाफुलांची आरास टांगतात ती) सामानाच्या ऑर्डरी घेऊन बसलोय, आमचा सीझन हाच. गाडी कधी मी चालवतो, कधी माझा आतेभाऊ. शिवाय बाबांची स्कूटर जून २०१० ची आहे, तिला पण पासिंग लागतं का? ते तिच्यावरून फक्त देवळात आणि बाजारात जातात.’

अरे बाबा, तुझा गॅरेजवाला पाना चांगला चालवत असेल, पण कायदा नको चालवू देऊस त्याला.

आधी तारीख कशी हुकली ते सांगते, कारण तुझ्यासारखे खूप जण इथेच फसतात. धंद्याची गाडी नवीन असते तेव्हा पहिली दोन वर्षं फिटनेस आपसूक धरली जाते, मग आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, आणि आठ झाली की दरवर्षी. तुझी गाडी मार्च २०२५ मध्ये आठाची झाली, तेव्हा तू पासिंग करून आणलंस आणि नेहमीसारखं ‘आता दोन वर्षं बघायला नको’ म्हणून कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलास, बरोबर? त्या कागदावर एकच वर्षाची तारीख होती. मेसेज आला असेल तर तो बहुतेक जुन्या नंबरवर गेला, आरसीला जोडलेला मोबाईल नंबर बदलायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आता मुद्द्याचं. सगळ्यांना वाटतं की फिटनेस संपणं म्हणजे पीयूसी संपण्यासारखं, एक कागद कमी, एक तालांव जास्त. तसं नाहीये ते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५६, त्यात लिहिलंय की धंद्याच्या गाडीकडे फिटनेस सर्टिफिकेट नसेल तर ती गाडी कलम ३९ पुरती (नोंदणीशिवाय गाडी चालवायची नाही, असं सांगणारं कलम) वैध नोंदणी झालेलीच नाही असं धरायचं. परत वाच. म्हणजे एप्रिलपासून तू घाटातून जी गाडी चालवतोयस तिला कायद्याच्या नजरेत नंबरच नाही, पुढे लावलेली जीए ०४ ची प्लेट म्हणजे नुसता पत्रा. बाकी सगळा घोळ या एका वाक्यातून निघतो.

नोंदणी नसलेली गाडी चालवणं म्हणजे कलम १९२. पहिल्यांदा पकडलं तर २००० ते ५००० रुपये दंड, दुसऱ्यांदा सापडलास तर ५००० ते १०,००० किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. आठवड्याला चार खेपा करणाऱ्याला ‘दुसऱ्यांदा’ यायला किती दिवस लागतात ते तूच बघ. तरी दंडाची मला एवढी काळजी नाही, काळजी आहे ती कलम २०७ ची, कारण त्याखाली अशी गाडी अडवून ठेवायचा अधिकार असतो. समज केरीच्या चेकपोस्टवर पहाटे पाचला अडवलं, मागे टोमॅटो, कोथिंबीर, मेथी, आणि साहेब म्हणाले गाडी लाव बाजूला. कोथिंबिरीला कलम समजत नाही रे, दहा वाजेपर्यंत ती मान टाकते. आणि तू बेळगावला जातोस म्हणजे जांबोटी कणकुंबीकडे कर्नाटकाच्या हद्दीतही असतोस, कायदा केंद्राचा आहे, तिथेही हाच. तुझी फिटनेस कधी संपली ते बघायला आता कुणाला तुझ्याकडे कागद मागायचीही गरज नाही, नंबर टाकला की ॲपवर तारीख दिसते, साहेबांच्या मोबाईलवर आणि चहाच्या गाड्यावर बसलेल्या कुणाच्याही मोबाईलवर.

पिकअपचं पासिंग वजन (गाडी आणि माल मिळून) ३००० किलोच्या वर असेल आणि तू परमिट काढलेलं असेल तर तेही अडचणीत येतं, वैध फिटनेस ही परमिटची अटच असते, अट मोडली की परमिट सस्पेंड करता येतं. त्याहून हलकी असेल तर परमिटची भानगड नाही, आरसीवर वजन लिहिलेलं असतं, बघून घे.

आणि ती जीवनावश्यकची गोष्ट. हे गॅरेजवाल्याने हवेतून काढलेलं नाही हां, अर्धवट कुठून तरी ऐकलेलं आहे. कलम १९२ मध्येच एक सूट आहे खरी, की आणीबाणीच्या वेळी आजारी किंवा जखमी माणसाला न्यायला, संकटात सापडलेल्यांना अन्न किंवा सामान पोचवायला, किंवा औषधं न्यायला गाडी वापरली तर हे कलम लागू नाही, आणि तेव्हासुद्धा सात दिवसांत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. पूर आला आणि तू वाळपईकडे अडकलेल्या माणसांना जेवण घेऊन गेलास तर हे कलम तुझ्या बाजूने उभं राहील. पण माटोळीची तोरिंगं, नारळाची पेंड, आंबाडे, सुपारीचे घोस, ही कितीही श्रद्धेची वस्तू असली तरी तू ती विकायला आणतोयस, त्याला संकटनिवारण कोण म्हणेल? चेकपोस्टवर हा मुद्दा काढूच नकोस, उगाच साहेबांची करमणूक.

आता इन्शुरन्स, ज्याच्या जोरावर तू शांत झोपतोयस. पत्रात तू ‘इन्शुरन्स मात्र’ असं लिहून खाली रेघ मारलीयस, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

प्रीमियम घेताना कुणी तुझी फिटनेस बघितली का? नसेल बघितली. आजकाल मोबाईलवर पैसे भरले की दोन मिनिटांत पॉलिसी येते, गाडी कुणी बघत नाही, कागद कुणी बघत नाही. बघतात ते क्लेम आला की, आणि मग मात्र भिंग लावून बघतात. पॉलिसीच्या अटींत एक ओळ असते, गाडी व्यवस्थित, कार्यक्षम हालतीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी, ती ओळ कुणी वाचत नाही, मीही वकील व्हायच्या आधी वाचलेली नव्हती.

समज अपघातात तुझी स्वतःचीच गाडी गेली, घाटात वळणावर कठड्याला घासली किंवा दरीकडे कलंडली. तो ओन डॅमेजचा क्लेम. इथे कंपनी सरळ हात वर करू शकते. सुप्रीम कोर्टात २०१४ मध्ये नरिंदर सिंग नावाच्या माणसाचं प्रकरण झालं, त्याच्या गाडीची तात्पुरती नोंदणी संपलेली होती, कायमची केलेली नव्हती, अपघात झाला, कोर्ट म्हणालं हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे, क्लेम नाही. २०२१ मध्ये सुशीलकुमार गोदारांच्या गाडीचं तर अजून वाईट, ती अपघातात गेली नव्हती, चोरीला गेली होती, आणि चोरीचा नोंदणीशी काय संबंध असं आपल्याला वाटतं, तरी कोर्टाने तेच धरलं, नोंदणी नाही तर क्लेम नाही. ही दोन्ही प्रकरणं तात्पुरत्या नोंदणीची आहेत, फिटनेसची नाहीत, हे मला कबूल आहे, तुझ्या बाजूने मी उभी राहिले तर हेच मी ओरडून सांगेन. पण समोरचा वकील काय करेल? कलम ५६ काढेल, ‘फिटनेस नाही म्हणजे नोंदणी नाही’ ती ओळ वाचेल आणि लगेच हे दोन निकाल त्याच्यावर ठेवेल. दोन पानांचं काम आहे त्याचं.

आणि दुसऱ्या कुणाला लागलं तर? थर्ड पार्टी. इथे लोक म्हणतात की थर्ड पार्टी कंपनीला द्यावीच लागते. हो, जखमीला पैसे मिळावेत म्हणून कोर्टं बघतात, पण नंतरची गोष्ट कुणी सांगत नाही. ‘आधी भर, मग मालकाकडून वसूल कर’ असा हुकूम होतो. परमिट नसलेल्या ट्रकच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अमृतपाल सिंग प्रकरणात हेच केलं, आणि त्याच वर्षी केरळ हायकोर्टाच्या पूर्णपीठाने सांगितलं की फिटनेस नसणं हासुद्धा मूलभूत भंगच, कंपनीला मालकाकडून वसुली करता येईल. सगळ्याच कोर्टांचं यावर एकमत आहे असं नाही, फिटनेस हा शब्द कंपनीला दिलेल्या बचावांच्या यादीत सरळ लिहिलेला नाही म्हणून मालकाच्या बाजूनेही भांडायला जागा असते, पण भांडायचं म्हणजे वर्षं जातात आणि तोवर झोप जाते.

माझ्याकडे एक केस होती, नावगाव सांगत नाही. फोंड्याकडचा माणूस, तुझ्यासारखीच छोटी गाडी, एक मोटरसायकलवाला जखमी झाला, पाय गेला त्याचा. अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलपुढे कंपनीच्या वकिलाने माझ्या माणसाला उलटतपासणीत एवढंच विचारलं, अपघात किती तारखेला झाला, आणि मग हातातला कागद पुढे करून, ही फिटनेस किती तारखेला संपली ते वाचून दाखवा. बस्स, खाली बसला. चूक कुणाची, उजेड होता का, मोटरसायकलवाला राँग साइडने आला का, हे सगळं आम्ही तासभर सांगत होतो, पण त्या दोन तारखांमध्ये एकवीस दिवसांचं अंतर होतं आणि ते काही केल्या बुजेना. कंपनीने जखमीला पैसे दिले, आणि नंतर वसुलीचा कागद माझ्या माणसाच्या घरी आला. अशी रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, म्हणजे कलेक्टरकडून मामलेदाराकडे आणि मामलेदाराकडून तुझ्या दारात. त्याच्या आईने तो कागद देवासमोर ठेवला होता, मला अजून आठवतं.

तुझे एकवीस नाहीत रे, दीडशे आहेत.

बरं, गाडी टकाटक आहे असं म्हणतो तो गॅरेजवाला. असेलही. पण तू मला सांग, केरीच्या बाजूला उतरताना, मागे टनभर माल असताना, शेवटच्या वळणांवर ब्रेक लायनरचा तो जळका वास येतो का? येत असेल तर पासिंगला थांबू नकोस, उद्याच खोलून बघ. मागच्या टायरला आतल्या बाजूने हात लाव, बाहेरून नक्षी दिसते आणि आतल्या कडेला तार डोकावत असते, पासिंगचे इन्स्पेक्टर पहिलं तिकडेच वाकून बघतात. पावसात तो घाट कसा असतो ते मी तुला काय सांगायचं, समोरचं काही दिसत नाही, धुक्यातून एकदम बसचे दिवे. गाडी खरंच सदोष निघाली तर कलम १९० वेगळं, १५०० रुपयांपर्यंत दंड, आणि त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला लागलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. अपघात झाला की पोलिस गाडी नेतात आणि आरटीओचा इन्स्पेक्टर ती तपासून रिपोर्ट देतो, तेव्हा ब्रेक, स्टेअरिंगचा प्ले, टायर, सगळं कागदावर येतं. माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. फिटनेस नाही म्हणून आपोआप हयगय सिद्ध होत नाही, हे खरं, पण सरकारी वकिलाच्या हातात आयती काठी.

आतेभावाबद्दल तू ओझरतं लिहिलंयस, मला ते जास्त खटकलं. कायदा फक्त चालवणाऱ्याला धरत नाही, चालवायला देणाऱ्यालाही धरतो, म्हणजे तो स्टेअरिंगवर असताना पकडलं तर तो पण आणि तू पण. त्याला निदान माहीत तरी आहे का पासिंग संपलंय ते? नसेल तर आजच सांग. लायसन्सचं म्हणशील तर हलक्या गाडीचं साधं लायसन्स ७५०० किलोपर्यंतच्या धंद्याच्या गाडीला चालतं असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय, ती एक चिंता कमी.

तर आता करायचं काय. गाडी आज उभी कर. हे ऐकून तुला राग येईल, सीझन आहे, ऑर्डरी घेतल्यात, मला समजतं, माझ्या माहेरी बाजारात दुकान होतं, चवथीच्या आठवड्यात बाबा घरी जेवायला येत नसत. पण पंधरा दिवस आहेत तुझ्याकडे, आणि पासिंगला पंधरा दिवस लागत नाहीत, अपॉइंटमेंट मिळाली की सकाळचं काम आहे. परिवहनच्या पोर्टलवर फिटनेस रिन्यूअलचा अर्ज टाक आणि जी पहिली तारीख मिळेल ती घे, कारण चवथीच्या आधी सगळ्यांनाच जाग येते आणि नंतर सुट्ट्या लागतात. उशिराचा दंड दिवसाला ५० रुपये, तुझे दीडशे दिवस म्हणजे साडेसात हजार, वर नेहमीची फी. दुखेल. पण उद्या अजून ५०, परवा अजून ५०, हे मीटर चवथीच्या सुट्टीतही चालू असतं.

अर्ज टाकायच्या आधी जुने तालांव भरलेत का बघ, नाहीतर पोर्टलवर तिथेच अडकशील. पीयूसी, इन्शुरन्स, रोड टॅक्स चालू पाहिजेत, फास्टॅग पाहिजे, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पाहिजे. गाडी नेताना हॉर्न, वायपर, चारी इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा, रिफ्लेक्टिव्ह टेप, हँडब्रेक, आणि मागची नंबर प्लेट चिखल पुसून, हसू नकोस, त्या चिखलावरून परत पाठवलेले मी बघितलेत. हेडलाइटला ते निळे पांढरे भडक बल्ब लावले असशील तर काढ. नापास केलीच तर कारण लेखी मागून घे, कायद्यात ते द्यावं लागतं, ‘परत या’ एवढ्यावर ऐकून येऊ नकोस, लेखी असलं की नेमकं तेवढंच दुरुस्त करून परत जाता येतं.

आरटीओपर्यंत न्यायची कशी? अपॉइंटमेंटची पावती म्हणजे फिटनेस नव्हे, रस्त्यावर ती गाडी त्या सकाळीही विनानोंदणीचीच. क्रेनवरून नेलीस तर प्रश्नच नाही. चालवतच नेणार असशील तर रिकामी, सरळ, सकाळी, पावती जवळ ठेवून, आणि वाटेत ‘जाता जाता दोन क्रेट टाकतो’ असलं काही करू नकोस.

आणि मधल्या दिवसांची भाजी? भाड्याची गाडी घे, बेळगावच्याच कुणाची, जी तशीही गोव्यात माल टाकून रिकामी परत जाते. दोन-चार खेपांचं भाडं तुझ्या नफ्यातून जाईल, हो. गाडी ठरवताना तिची फिटनेस तेवढी ॲपवर बघून घे, नाहीतर आगीतून फुफाट्यात.

आता बाबांची स्कूटर. खाजगी गाडीला दरवर्षी पासिंग नसतं, तिची नोंदणीच १५ वर्षांची असते, मग आरटीओत दाखवून, फॉर्म २५ भरून पुढची पाच वर्षं वाढवून घ्यायची. जून २०१० ची म्हणजे जून २०२५ ला संपली. दुचाकीची फी १००० रुपये, उशिराचे महिन्याला ३००, आणि महिन्याचे चार दिवस वर गेले तरी पूर्ण महिना धरतात. चौदा-पंधरा महिने झाले, म्हणजे साडेचार हजारांच्या आसपास त्याचेच. स्कूटर विकायला काढलीस तर तेवढे येतील की नाही ते तूच बघ, बाबांना विचारून बघ, जुन्या स्कूटरवर माणसाचा जीव असतो, हिशोबाने ठरत नाही ते. ठेवायची असेल तर रिन्यू करा, नसेल तर नोंदणी रीतसर रद्द करून मोडीत द्या, पण तोवर ‘फक्त देवळापर्यंत’ हे कारण कलम १९२ मध्ये कुठे लिहिलेलं नाही, आणि वर जे पिकअपच्या इन्शुरन्सचं सांगितलं ते स्कूटरलाही तसंच लागू. बाबांना काही दिवस तू देवळात सोड. ते कुरकुरतील, मागे बसायची सवय नसते या माणसांना.

अपॉइंटमेंटची तारीख मिळाली की मला कळव, आणि त्या दिवशी स्टेपनीपण बघ, तिच्यात हवा नसते तुम्हा लोकांच्या.